फाटकावरचं बिऱ्हाड

सान्ता फेलिसा, ११ ऑगस्ट १९५८

प्रिय अतिलियो,

तुझं पत्र पोचलं. खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं. म्हणून लगेच गळपट्टा काढून हिंडू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे, डोकं मात्र ठिकाणावर नाही. कारण ऐकून तू हसशील. हस.

आमच्या फाटकाच्या तुळईवरच्या ओर्नेरो पक्ष्याच्या मातीच्या घरात चिमण्या घुसल्या आहेत. रिनाल्दो गेला त्या वर्षी बांधलेलं ते शेवटचं घर. नर दारात बसून छाती फुगवतो, मादी सगळ्या गावाचा कचरा चोचीत धरून आत नेते. माझ्या लोकरीचा निळा धागासुद्धा नेला. म्हणतात ना, आयत्या बिळावर नागोबा.

तुला आठवत असेल, आमचं लग्न झालं त्याच वर्षी ओर्नेरोच्या पहिल्या जोडीनं त्या तुळईवर घरट्याची ती मातीची भट्टी बांधली. रिनाल्दो तेव्हा आमच्या घराच्या विटा लावत होता. म्हणायचा, बघू कोणाचं आधी पुरं होतं. त्यांचंच झालं, तेही रविवारची सुट्टी पाळून. ओर्नेरो रविवारी चोचीत माती धरत नाही हे कळल्यापासून हा गडी रविवारी कुठलंही काम सांगितलं की फाटकाकडे बोट दाखवायचा. मग दरवर्षी नवी भट्टी, कधी तुळईवर, कधी खांबावर, कधी पवनचक्कीच्या पायावर. तो गेला आणि जोडी फिरकली नाही. गेलं वर्ष कोरडं गेलं, हेही तसंच चाललंय.

गावात काय म्हणतात ते मी तुला सांगायला नको. ओर्नेरो ज्या घराला धरून राहतो त्यावर वीज पडत नाही, आणि तो गेला की घराची बरकत गेली. त्याची भट्टी मोडणाऱ्याच्या छपरावर तर वादळ ठेवलेलंच. म्हणजे माझी कोंडी बघ. चिमण्यांना हाकलायचं तर भट्टी मोडावी लागेल, आणि भट्टी मोडायची तर माझी छाती नाही. पाद्रीबाबांना विचारलं. ते म्हणाले, चर्चच्या घंटेखालीच दहा घरटी आहेत, माझं कोण ऐकतंय.

तू प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहितोस, ताई, इकडे बाइया ब्लांकाला ये, पुढच्या दोन खोल्या नुसत्या पडून आहेत. आजवर ती ओळ मी वाचून सोडून देत होते. या वेळी दोनदा वाचली.

तुझी बहीण,
देल्मिरा

बाइया ब्लांका, २४ ऑगस्ट

प्रिय ताई,

हसलो. पोटभर हसलो. नोएमी सूनबाईंनी डोकावून विचारलं, काय झालं, तर म्हटलं, माझी बहीण चिमणीशी भांडतेय आणि चिमणी जिंकतेय.

पण मी कोणाच्या बाजूचा ते तुला माहीत आहे. माझ्याकडे सकाळी सात-आठ जणी येतात. मी अजून अंथरुणात असतो आणि त्या धुण्याच्या हौदाच्या काठावर पाणी पिऊन खिडकीतून मान वाकडी करून बघतात, म्हातारा उठला का. मी पावाचे तुकडे टाकतो. एक शेपूटतुटकी आहे, ती थेट चहाच्या बशीपर्यंत येते. जन्मभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटा बसलो, तेव्हा कोणी बघायला आलं नाही. आता रोज सकाळी माझी हजेरी घेतली जाते.

तू म्हणशील, उपरी जात. असेल. आजोबा सांगायचे, कोणा बियरवाल्यानं युरोपातून पिंजरे भरून आणल्या आणि बंदरात सोडून दिल्या. पण ताई, आजोबा तरी कुठून आले? त्याच बंदरात, त्याच सुमाराला, तशाच पिंजऱ्यासारख्या बोटीतून. त्यांना कोणी आवतण धाडलं होतं? आणि तुला सोयीनं विसर पडतो म्हणून आठवण देतो: पहिली तीन वर्षं ते दुसऱ्याच्या धान्याच्या कोठारात राहिले. आजीचं पहिलं बाळंतपण पोत्यांच्या थप्पीमागं झालं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं करू नये.

तेव्हा बिचारीला धागा नेऊ दे. आणि फारच जिवावर आलं तर ते फाटक, ती भट्टी, ते सगळं सोड आणि इकडे ये. पुढच्या दोन खोल्या, रस्त्यावरचा सज्जा, संध्याकाळी समुद्राचा वारा. दोघं म्हातारी भांडत बसू. पत्रातलं भांडण फार हळू चालतं.

तुझा,
अतिलियो

सान्ता फेलिसा, ९ सप्टेंबर

प्रिय अतिलियो,

आजोबांनी येऊन विहीर खणली. नांगर धरला. पंधरा वर्षांत गावाला पिठाची गिरणी दिली. चिमणीनं काय खणलं ते सांग, मग पुढचं बोलू.

इकडचा वृत्तांत असा. आधी डबे वाजवले. दोन दिवस घाबरल्या, तिसऱ्या दिवशी तालावर नाचू लागल्या. मग काठीवर रिनाल्दोचा जुना कोट आणि टोपी चढवून फाटकाशी उभी केली. टोपीवर नर येऊन बसला आणि तिथूनच ओरडायला लागला. लांबून बघून मला क्षणभर वाटलं, की रिनाल्दोच उभा आहे आणि नेहमीसारखा डोक्यावर कोणाला तरी बसवून घेतोय. टोपी काढून आणली. ती पुन्हा बाहेर ठेवणार नाही.

शेवटी सेफेरिनाला बोलावलं. तुला आठवते ना, विहिरीपलीकडे राहते, तिचे लोक आपल्या आधीपासून, गाव नव्हतं तेव्हापासून इथले. पक्ष्यांचं तिला सगळं कळतं. म्हटलं, सेफेरिना, या चिमण्यांनी सगळं नासवलं बघ. पूर्वी उंबऱ्यापाशी तो तुरेवाला चिंगोलो यायचा, पहाटे गायचा, तो दिसेनासा झाला. आता ओर्नेरोचं घर घेतलं. आल्या, कलकलाट केला, जागा बळकावली. ती भोपळ्यातला माते, तो कडू चहा, चोखत बसली होती. नळी तोंडातून काढून शांतपणे म्हणाली, "माझी आजी तुमच्या लोकांबद्दल अगदी हेच म्हणायची. हेच शब्द." आणि उरलेला माते संपवून गेली. उपाय काही सांगितला नाही.

मी दोन दिवस तिच्यावर रागावले. तिसऱ्या दिवशी अंडी द्यायच्या निमित्तानं गेले. ती काही विसरलेली नव्हती, मीही नाही, पण आम्ही हसलो.

आता मुद्द्याचं. घर फिरलं की घराचे वासे फिरतात, तसं झालंय. पवनचक्की कुरकुरते, विहीर खोल गेली, पाऊस नाही, संध्याकाळी दिवा लावला की वाटतं कोणासाठी लावतेय. म्हणून मी ठरवलं. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, रिनाल्दोच्या थडग्यावर फुलं ठेवायला जाईन. तोवर ओर्नेरो परत आले तर मी इथंच राहीन आणि तू पुन्हा बोलवू नकोस. नाही आले तर त्याचा निरोप घेऊन तुझ्याकडे निघेन. किल्ली सेफेरिनाकडे, कोंबड्या पाद्रीबाबांकडे. शिवणयंत्र आणि आईचं अक्रोडाचं कपाट मात्र बरोबर आणणार. पुढच्या खोलीची भिंत मोजून ठेव.

तुझी,
देल्मिरा

बाइया ब्लांका, १६ सप्टेंबर

प्रिय ताई,

उलट टपाली लिहितोय, यावरून समज.

घाई करू नकोस. इतक्या वर्षांचा संसार असा चिमणीच्या रागावर मोडतात का? मी तुझ्या ओर्नेरोचा नीट विचार केला, माहीतगाराला विचारलंसुद्धा. इथं धक्क्यावर एक जुना गवंडी आहे. तो म्हणतो, ओर्नेरो रुसत-बिसत नाही, त्याला ओली माती लागते. तुमच्याकडे दुष्काळ आहे, सगळं रान फुफाट्याचं, तो बिचारा बांधणार कशानं? तेव्हा असं कर. फाटकाजवळ, दोन पावलांवर, हात दोन हात जमीन खणून घे. त्यात थोडं शेण आणि चिरलेला पेंढा कालव, आणि धुण्याचं पाणी रोज तिथं ओत. चिखल सुकू द्यायचा नाही. बघ येतात की नाही.

आणि जुन्या भट्टीचं मनाला लावून घेऊ नकोस. तो जुन्या घरात परत कधीच राहत नाही, दरवर्षी नवं बांधतो, हे तूच लिहिलंस. मग चिमण्यांनी घेतलं ते त्यानं टाकलेलंच घर नाही का?

शिवाय इथला वारा तू उन्हाळ्यात पाहिलास. हिवाळ्यात तो हाडात शिरतो. तुझे गुडघे धरतील. आणि कपाटाचं म्हणशील तर ते इथं दारातून जाणार नाही, मी डोळ्यांनीच अंदाज घेतला. तेव्हा चिखलाचं मनावर घे. आजच सुरुवात कर.

तुझा,
अतिलियो

सान्ता फेलिसा, २८ सप्टेंबर, रविवार

अतिलियो,

पत्र मिळालं. मला लिहिता-वाचता येतं, आणि दोन ओळींच्या मधलंही वाचता येतं. दोन वर्षं प्रत्येक पत्रात ये, ये, ये. आणि मी येते म्हटल्याबरोबर वारा, गुडघे आणि दार. तोंडदेखलं बोलावणं होतं हे आधी कळलं असतं तर मी भिंत मोजायला सांगून तुला अडचणीत टाकलं नसतं. सूनबाईंना सांग, निर्धास्त राहा.

चिखल केला. तू सांगितलास म्हणून नाही, करून बघायला काही लागत नाही म्हणून. रोज धुण्याचं पाणी ओतते. अजून फक्त डास आणि सेफेरिनाचं डुक्कर आलंय.

आज मात्र त्या चिखलाचा उपयोग झाला. प्रार्थनेहून आले, तुझं पत्र पुन्हा वाचलं, पुन्हा संताप आला. समोर तो नर छाती फुगवून दारात. मनात म्हटलं, भट्टी मोडू नये असं सगळे सांगतात, लिंपू नये असं कोणीच सांगितलेलं नाही. शिडी लावली, दोघं बाहेर गेल्याचं बघितलं आणि मूठभर चिखलानं भट्टीचं तोंड बंद करून टाकलं. छान गुळगुळीत. ओर्नेरोलाही जमणार नाही असं. जे ज्याचं नाही ते त्याला नाही.

टपालवाला निघायच्या आत हे धाडते.

देल्मिरा

तार
बाइया ब्लांका, ६ ऑक्टोबर

दार उघड. आत पिल्लं आहेत. दया कर. अतिलियो.

बाइया ब्लांका, ६ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तार केली आहे, पण पत्र यायलाच आठवडा गेला, तेव्हा उशीर झाला असेल म्हणून जीव थाऱ्यावर नाही. आता चिमण्यांच्या पिल्लांचे दिवस. दोघं बाहेर होती म्हणजे आत कोणी नाही असं होत नाही, ती चाऱ्यालाच गेली असणार.

रागानं लिहीत नाही. मागच्या महिन्यात इथंही असंच झालं. वारा लागतो म्हणून नोएमीच्या आईनं हौदाकडची खिडकी बाहेरून खिळे मारून बंद केली. शेपूटतुटकी येऊन काचेवर चोच मारत राहिली. मी आत खाटेवर, ती बाहेर, मध्ये काच. खिळे उपसून काढेपर्यंत मला चहा गेला नाही. सगळ्यांना वाटलं म्हातारा चळला. आता कोणी खिडकीला हात लावत नाही.

तू मला काहीही बोल. तोंडदेखला म्हण, खोटा म्हण. पण ते भोक उघड.

अतिलियो

सान्ता फेलिसा, १५ ऑक्टोबर

प्रिय अतिलियो,

आधी हे वाच आणि श्वास घे: चौघंही जिवंत आहेत. माझ्यापेक्षा जास्त खातात.

तू मला राक्षसीण समजतोस का? भट्टी लिंपली, चिखलाच्याच बोटांनी पत्र खरडून टपालवाल्याच्या हातात दिलं, आणि हौदाशी हात धुवायला वळले. मागून असा काही आरडाओरडा. दोघं परत आली होती आणि त्या चिखलावर आपटत होती. नर तर टोपीवर बसायचा तोच, आता छाती-बिती काही नाही, नुसता आपटत होता. मादीच्या चोचीत हिरवी अळी. ती आपटायची, मागं जायची, पुन्हा आपटायची, पण अळी सोडत नव्हती. मी शिडीखाली उभी राहिले तर माझ्या अंगावरून जाऊन पुन्हा आपटली. आणि मग आतून आवाज आला. बारीक, सुई टोचावी तसा.

अतिलियो, मी शिडी कशी चढले मला माहीत नाही. नखांनी उकरलं. चिखल ओला होता म्हणून बरं, तासाभरानं निखळला नसता. एक भोक पडल्याबरोबर ती माझ्या बोटांवरून आत घुसली, मी आहे याची तिला पर्वाच नव्हती. मी शिडीवरच बसले आणि रडले. चिमणीसाठी नाही, किंवा तिच्यासाठीही असेल. रिनाल्दोच्या आजारात शेवटचे दिवस मी अशीच दारावर आपटत होते, चोचीत सूपाचा चमचा धरून. तो आत, मी बाहेर, आणि मध्ये काय होतं ते मला उकरता आलं नाही.

हे तुला लगेच लिहायला हवं होतं. पण रागावले होते, म्हणून ठरवलं, आठवडाभर झुरू दे याला. त्याचं फळ मिळालं, ऐक.

तुझी तार आली. तारमास्तर वाचून मग पाकिटात घालतो हे तुला माहीत आहे. "आत पिल्लं आहेत, दया कर." अर्ध्या तासात फाटकाशी गावचा हवालदार, पाद्रीबाबा आणि निम्मं गाव. मी एकटी राहते, मग कोणाची पोरं घरात कोंडली आहेत, अशी चौकशी. मी बोटानं तुळई दाखवली. हवालदार शिडीवर चढला, भट्टीत डोकावला, आणि नरानं त्याच्या कपाळावर चोच मारली. पाद्रीबाबा म्हणाले, पिल्लं सुखरूप आहेत, लिहून घ्या. सेफेरिना हसून हसून कुंपणाला टेकली. गव्हाचे शेतकरी, ज्यांना चिमणी दिसली की बंदूक सुचते, तेसुद्धा खाली उभे राहून कोणतं पिल्लू जास्त थोराड यावर वाद घालत होते. मग आपापल्या शेतावर गेले, चिमण्यांना शिव्या घालत.

आता तुझ्याकडे वळते.

तुझ्या घरी मी चार वेळा राहून गेले आहे. तुझी पियेरिना होती तेव्हा तिच्या बरोबरीनं ते घर झाडलं आहे. त्या घरात धुण्याच्या हौदाकडे उघडणारी खिडकी एकच. ती मागच्या सामानाच्या खोलीची, जिथं पियेरिना कोळसा आणि मोडक्या खुर्च्या ठेवायची. तू अंथरुणात पडल्या पडल्या हौदावरच्या चिमण्या बघतोस. तुझी खाट त्या खिडकीशी आहे. आणि माझं कपाट दारातून जात नाही. त्या खोलीच्या दारातून मीसुद्धा अंग तिरकं करूनच जात असे.

पुढच्या खोल्यांत कोण राहतं, अतिलियो? आणि तू कुठं झोपतोस?

चुकीचं वाचत असेन तर सांग. मी तुझी क्षमा मागेन, आणि तुला माहीत आहे मला ते किती जड जातं.

तुझी,
देल्मिरा

बाइया ब्लांका, २३ ऑक्टोबर

प्रिय ताई,

चौघांच्या बातमीनं मी एक ग्लास वाइन घेतली. हवालदाराच्या कपाळासाठी दुसरा.

तू हवालदार व्हायला हवी होतीस.

पुढच्या एका खोलीत नोएमीची आई, दुसरीत मोठी दोघं नातवंडं. मधली एल्वियो आणि नोएमीची, पाळण्यासह. मला कोणी हाकललं नाही, हे आधी लिहितो. पियेरिना गेल्यावर घर एल्वियोच्या नावावर केलं, पोरं झाली, जागा पुरेना, तेव्हा मीच म्हटलं, मला मागं शांत वाटतं. खोली चांगली आहे. कोळसा केव्हाच काढला. नोएमी सूप पहिलं मलाच वाढते. सगळे प्रेमानं वागतात. फक्त कधी कधी, मी स्वयंपाकघरात शिरलो की सगळे जरा सरकून जागा करतात. स्वतःच्या घरात माणसाला कोणी सरकून जागा देत नाही, एवढंच.

मग तुला बोलावत का होतो? कारण 'ये, जागा आहे' असं लिहिलं की त्या ओळीपुरतं मला माझं घर असायचं. आणि तू त्या फाटकापासून हलणार नाहीस याची मला खात्री होती. तू कपाटासाठी भिंत मोजायला सांगितलंस तेव्हा मला घाम फुटला. तो धक्क्यावरचा गवंडी खरा आहे, चिखलाचंही खरं आहे. पण मी त्याला शोधत गेलो तो तुझ्या ओर्नेरोच्या मायेनं नाही. तुला नको म्हणायची पाळी येऊ नये म्हणून.

आता दोन नोव्हेंबर जवळ आला. तू निघणारच असशील तर नीघ. मी एल्वियोशी बोलेन, काही तरी करू. चिखल मात्र ओला ठेव.

तुझा,
अतिलियो

सान्ता फेलिसा, ३ नोव्हेंबर

प्रिय अतिलियो,

ते आले.

तुझं पत्र यायच्या आधीच आले होते. एकवीस तारखेच्या सकाळी मी धुण्याचं पाणी ओतायला गेले तर चिखलात एक जण तुरुतुरु चालत होता, खाली मान घालून, सरकारी इन्स्पेक्टरसारखा. चोच भरून माती घेतली आणि वर गेला. मग दुसरा आला. आणि दोघांनी मिळून तो गोंगाट केला, तुला आठवतो ना, एक सुरू करतो आणि दुसरा त्यावर चढतो, आमच्या लग्नातल्या वाजंत्र्यांसारखा. मी बादली तिथंच टाकली. तुला लिहिलं नाही, कारण काम सोडून जातात की काय याची धास्ती होती. दृष्ट लागते.

आता कुठं बांधतायत ते ऐक. रिकामा खांब आहे, पवनचक्की आहे, छप्पर आहे. तिथं नाही. जुन्या भट्टीच्या डोक्यावर. चिमण्यांच्या छपरावर नवी भट्टी. पहिली चार उडून गेली, आता खाली नवी पिल्लं तोंडं वासून ओरडतायत, वर हे दोघं माती थापतायत. मातीचा गोळा खाली पडला की चिमणा बाहेर येऊन शिव्या देतो, ओर्नेरो वरून उत्तर देतो. दिवसभर हे चालतं. कोणी कोणाला हाकलत नाही. सेफेरिनाला विचारलं, याचा अर्थ काय. ती म्हणाली, "काय अर्थ असायचाय? घर मजबूत आहे."

काल मृतांचा दिवस. निघताना बघितलं, भट्टी पाऊण झाली होती, तोंडाची भिंत तेवढी राहिली होती. दिवसभर त्यांनी काडीला हात लावला नाही. रविवार होता. मी फुलं घेऊन गेले, रिनाल्दोला सगळं सांगितलं, चिखलाचं, शिडीचं, हवालदाराचं. म्हटलं, तुझी मंडळी आली आहेत आणि आज सुट्टीवर आहेत. तिथं हसणं शोभत नाही, पण हसले.

तेव्हा मी येत नाही. ठरल्याप्रमाणे तू आता मला बोलवायचं नाहीस.

आता तू वाच, आणि या वेळी दोन ओळींच्या मधलं शोधू नकोस, सगळं ओळींतच आहे. पूर्वेच्या खोलीतलं शिवणयंत्र मी मधल्या घरात आणलं. पूर्वेच्या त्या खोलीत खाट लावली, रिनाल्दोची नाही, नवी गादी भरून. खिडकी फाटकाकडे उघडते. अंथरुणात पडल्या पडल्या खालचं आणि वरचं दोन्ही बिऱ्हाडं दिसतात. ही खोली तुला सरकून दिलेली नाही. रिकामी होती, आणि मला तिचा कंटाळा आला होता. एल्वियोला सांग, बाप भांडून गेला नाही, बहिणीशी भांडायला गेला. सुट्टीत पोरांना घेऊन या म्हणावं, कोंबड्या आहेत, चिखल तर तयारच आहे. आणि नोएमीला सांग, हौदाकडची खिडकी बंद करू नये, पाव टाकत राहावं. शेपूटतुटकीला ताटकळवून तू इथं जेवू शकणार नाहीस, मला ठाऊक आहे.

फुकट राहायला मिळेल असं समजू नकोस. चिमणीसुद्धा अळ्या आणते. फाटकाचं बिजागर कुरकुरतं, कोंबड्यांचं खुराडं एका बाजूनं बसलंय, विहिरीचा रहाट तुझी वाट बघतोय. आल्या दिवसापासून कामाला लावीन. आणि चिमण्यांना मी अजूनही चोरच म्हणणार आहे. तू त्यांची बाजू घे, कोणी तरी घ्यायला हवी.

आजोबा तीन वर्षं कोठारात राहिले, पण पुढं त्यांनी विहीर खणली. तू एकाहत्तर वर्षांचा आहेस. तुला नवी विहीर खणायला सांगत नाही, आहे त्यातलं पाणी प्यायला ये.

तुझी वाट बघणारी,
देल्मिरा

तार
बाइया ब्लांका, १० नोव्हेंबर

शनिवारच्या गाडीनं येतो. रविवारी काम सांगू नकोस. अतिलियो.